परत खालीच पडणारं रॉकेट उडवायचं कशाला?

प्रश्न : सर, कॉलेजच्या ट्रिपला केरळला गेलो तेव्हा थुंबाचं स्पेस म्युझियम बघितलं. तिथून उडणारी छोटी रॉकेट्स उपग्रह सोडत नाहीत, काही मिनिटांत समुद्रात पडतात. मग एवढा खर्च कशाला? आणि असं केंद्र आपल्या कास पठारावर का नको, उंचीचा फायदाच होईल ना?
– एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : पडतं म्हणजे वाया गेलं असं नाही गं, ते तसंच ठरवलेलं असतं. संशोधनाचे फुगे साधारण ४० किलोमीटरपर्यंत जातात आणि उपग्रह २०० किलोमीटरच्या खाली फार दिवस टिकत नाही, तिथली विरळ हवासुद्धा त्याला खाली ओढते. मधल्या पट्ट्यात स्वतः जाऊन मोजायचं तर साउंडिंग रॉकेटच लागतं, म्हणजे वर जाऊन मोजमापं घेऊन परत खाली पडणारं छोटं रॉकेट, आणि पट्टा साधा नाही, उल्का तिथंच जळतात, रेडिओ लहरी परतवणारं आयनोस्फिअर तिथंच सुरू होतं. कक्षेत राहायला सेकंदाला जवळपास ८ किलोमीटर वेग लागतो, इथं तेवढा लागतच नाही, म्हणून रॉकेट लहान आणि खर्चही बराच कमी.

थुंबा निवडलं कारण चुंबकीय विषुववृत्त (जिथं होकायंत्राची सुई वरखाली न झुकता आडवी राहते ती रेषा) तिथून अगदी जवळ आहे, आणि त्याच्यावर १०० किलोमीटरच्या आसपास दिवसा विजेचा मोठा प्रवाह वाहतो, इलेक्ट्रोजेट म्हणतात त्याला. विक्रम साराभाईंच्या पुढाकारानं २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट गेलं, नाइकी-अपाची, अमेरिकेचं. त्यानं संध्याकाळच्या आकाशात सोडियमची वाफ सोडली, तो नारिंगी ढग कसा सरकतो याचे फोटो काढून वरचा वारा मोजायचा. पुढं आपलं आरएच-२०० आलं (२०० म्हणजे व्यास, मिलिमीटरमध्ये), ते तांब्याचे बारीक तंतू वर सोडतं, तंतू वाऱ्याबरोबर वाहतात आणि रडार त्यांचा माग काढतं. मान्सूनच्या अभ्यासातही ही रॉकेट्स वापरली गेली, आणि माण-खटावच्या माणसाला त्याचं मोल मी काय सांगणार!

आता कास. पठाराची उंची सव्वा किलोमीटरच्या आसपास, जायचंय शंभर किलोमीटर वर, म्हणजे फायदा जवळपास शून्य. खरा प्रश्न पडायचं कुठं हा आहे. अशा बहुतेक रॉकेटना वाटेत वळवता येत नाही, म्हणून उडवण्याआधी फुगे सोडून वारा मोजतात आणि त्यानुसार लाँचरचा कोन बदलतात, तरी पडायच्या जागेत थोडाफार फरक राहतोच. थुंब्याला समोर मोकळा समुद्र आहे. स्वीडनच्या एसरेंज या रॉकेट केंद्राला समुद्र नाही पण जवळपास निर्मनुष्य असा हजारो चौरस किलोमीटरचा प्रदेश आहे. कासच्या चहूबाजूंना गावं, शेतं, माणसं, आणि ते पठार फुलांसाठीच राहू दे असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मुलगा आयटीआय फिटर करतोय. नातेवाईक म्हणतात रॉकेटच्या कामाला, इस्रोत, फक्त आयआयटीवाले घेतात. खरं का?
– एक आई, मिरज

उत्तर : अजिबात नाही ताई. रॉकेटचे भाग बनवणं, जोडणं, तपासणं हे कुशल हातांचंच काम आहे. तिरुवनंतपुरमचं विक्रम साराभाई स्पेस सेंटर आयटीआयवाल्यांसाठी टेक्निशियनच्या जागा काढतं, लेखी परीक्षा आणि स्किल टेस्ट असते. जाहिरात त्यांच्या वेबसाइटवरच बघा, मधल्या कुणा एजंटला एक रुपयाही देऊ नका.