सकाळी सहा ते सात

डोंबिवलीहून एक आई लिहितात: ‘वन बीएचकेत आम्ही पाच जण. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार, सासूबाईंना गुडघेदुखी. नवरा सांगितलं तर मदत करतो. सहाला उठायचं, सातला मुलीची व्हॅन, माझी ७.५२ची लोकल. मुलगी डोळेच उघडत नाही, धाकटा दूध सांडतो, आणि मी एवढी ओरडते की शेजारी दार लोटून घेतात. परवा मुलीच्या पाठीत धपाटा घातला. ती काही न बोलता व्हॅनमध्ये जाऊन बसली. मी लोकलमध्ये ओढणी तोंडावर घेऊन रडले. रात्री सगळे झोपायला अकरा वाजतात. मी आई म्हणून नापास आहे का?’

नाही. तुमच्या पत्रातला सगळा स्फोट एका तासात होतोय, सहा ते सात. त्या तासात एका माणसाने करायची कामं मोजली तर ती दोन माणसांना पुरून उरतील. त्यामुळे आधी तास हलका करू, मग रागाकडे येऊ.

सुरुवात मुलीच्या झोपेपासून. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप लागते. तुमची लेक अकराला झोपून सहाला उठते, म्हणजे रात्रीचे सातच तास. ती सकाळी हट्ट करत नाही, तिची झोप पुरी झालेली नसते. शाळा सकाळची आहे, तेव्हा ती दुपारी घरी येऊन झोपत असणार, बहुधा साडेचार-पाचपर्यंत. मग रात्री झोप कुठून येणार? हे चक्र दुपारकडूनच तोडावं लागतं. दुपारची झोप पाऊण तासाची आणि तीनच्या आत संपलेली हवी. उठवण्याचं काम सासूबाईंचं, आणि उठवल्यावर अर्धा तास तिला खाली खेळायला पाठवा, नाहीतर ती सोफ्यावर पुन्हा आडवी होते.

रात्रीची वेळ एकदम नऊवर आणू नका. मूल अंथरुणात टक्क जागं राहतं आणि तिसऱ्या दिवशी तुम्हीच नाद सोडता. दर तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे या. अकरावरून सव्वानऊला यायला तीन आठवडे लागतील. मुलांची पानं आठला वाढा, मोठ्यांसाठी थांबू नका. सव्वाआठनंतर मोबाइल बंद, मोठा दिवा बंद. सासूबाईंची मालिका बंद करायला लावून घरात नवं भांडण काढू नका, फक्त आवाज कमी आणि मुलं आतल्या खोलीत. रविवारी सकाळी नऊपर्यंत झोपू दिलं की सोमवारी सगळं मुसळ केरात, म्हणून सुट्टीला फार तर तासभर उशीर.

आता कामं. सकाळच्या तासातून जे रात्री ढकलता येईल ते ढकला. कणीक रात्री मळा, नेहमीपेक्षा जरा घट्ट, कारण रात्रभरात ती सैल होते. वरून तेलाचा हात फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी २० मिनिटं आधी बाहेर काढा. भेंडी धुऊन, कोरडी पुसून मगच चिरा. बटाटा, वांगं मात्र सकाळीच, चिरून ठेवलं की काळं पडतं. गणवेश, मोजे, पाण्याची बाटली, सही करायची वही, सगळं रात्री साडेआठला दाराजवळच्या एकाच खुर्चीवर.

खरी मेख पुढे आहे. ‘नवरा सांगितलं तर मदत करतो’ असं तुम्ही लिहिलंय. सांगणं हेसुद्धा काम आहे, आणि ते तुमच्याच डोक्यात राहतं. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. म्हणून मदत मागू नका, अख्खं काम द्या. मुलीला उठवण्यापासून व्हॅनमध्ये बसवेपर्यंत सगळं त्यांचं: दात, आंघोळ, वेण्या, बूट, बाटली. वेण्या येत नसतील तर शनिवार-रविवारी सराव होईल. पहिले पंधरा दिवस भांग वाकडा जाईल, बाटली विसरेल. तेव्हा मध्ये पडून नीट करू लागलात तर काम परत तुमच्या पदरात येतं, बहुतेक घरांत ते असंच परत येतं. सासूबाईंना बसून होणारी कामं द्या: लसूण सोलणं, भाजी निवडणं, धाकट्याला गोष्ट सांगून झोपवणं. हे सगळं बोलायचं ते शनिवारी रात्री मुलं झोपल्यावर, सकाळच्या धावपळीत नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर हातपाय धुऊन, पाणी पिऊन दहा मिनिटं मुलांसोबत जमिनीवर बसा, फोन पर्समध्येच. ओट्याकडे त्यानंतर वळा. आई आधी मिळाली की मुलं नंतरचा तास पायात घुटमळत नाहीत.

तरीही राग येईल. दात आवळले जातात, कान तापतात, ती खूण ओळखा. गॅस बंद करा, धाकटा गॅलरीत नाही हे बघा आणि म्हणा, ‘मला खूप राग आलाय, मी दोन मिनिटांत येते.’ चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, दहा वेळा. श्वास सोडणं लांबलं की हृदयाची धडधड उतरते. छाती फुगवून जोरजोरात घेतलात तर चक्कर येईल. सराव आत्तापासून लोकलमध्ये करा, ऐन रागात पहिल्यांदा करून जमत नाही.

धपाट्याबद्दल स्पष्ट बोलते: मारणं थांबवायलाच हवं. मार खाल्लेलं मूल आवरायला शिकत नाही, आपल्याला घाबरायला शिकतं. आज लेकीला जवळ घेऊन सांगा, ‘मी मारलं ते चुकलं.’ त्यापुढे ‘पण तू उठत नाहीस म्हणून’ हे जोडू नका, माफी तिथेच पुसली जाते.

हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२च्या खाली असेल तर थकवा आणि चिडचिड तिथूनही येत असेल, आणि जेवणाला लागून चहा पीत असाल तर अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. दोन आठवडे रोज रडू येत असेल, झोप उडाली असेल, हात पुन्हा उठत असेल किंवा जगणं नको वाटत असेल तर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा नंबर १४४१६ आहे. तो चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.