ब्रुनो अजून खातोय, मग निर्णय कसा घेऊ?

पत्र : आमचा लॅब्राडॉर ब्रुनो १४ वर्षांचा आहे. महिनाभरापासून मागचे पाय गेलेत, लघवी जागेवरच होते, रात्री कण्हतो. डॉक्टर म्हणतात, इंजेक्शन देऊन सोडवा. पण जेवण अजून चाटूनपुसून संपवतो! सासरे म्हणतात, आपल्या हाताने जीव घेणं पाप आहे, त्याचा तो जाईल. ९ वर्षांच्या मुलाला काय सांगू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, जेवणावरून ठरवू नका. लॅब्राडॉर जात्याच खादाड, अंग ठणकत असतानाही खातो. अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हियालोबोस यांनी यासाठी मोजपट्टी केली आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सात गोष्टींना प्रत्येकी १० पैकी गुण द्यायचे; त्रास जितका कमी तितके गुण जास्त. बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळत राहायला हरकत नाही. रात्री उठून त्याचं करणाऱ्या माणसाने वेगळे गुण द्यावेत. मायेपोटी आपण दोन-चार गुण वाढवतोच.

सासऱ्यांचं मन मोडू नका, पण पाय गेल्याने जीव जात नाही, हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. पडून राहिलेल्या कुत्र्याच्या खुब्याला जखमा होतात, ओल्या अंगावर माश्या बसतात आणि एका दिवसातही अळ्या पडू शकतात. 'त्याचा तो जाईल' यात हे सगळं येतं. तोवर दर दोन-तीन तासांनी कूस बदला, खालचं कापड कोरडं ठेवा. घरातल्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मात्र देऊ नका; त्यांनी कुत्र्याचं पोट, यकृत, मूत्रपिंड बिघडतं.

डॉक्टर घरी येतील का, आधी गुंगीचं इंजेक्शन देतील का आणि नंतर कोणतं औषध वापरतील, हे आधीच विचारा. काही जण मॅग्नेशियम सल्फेट वापरतात. पूर्ण बेशुद्ध नसलेल्या जनावराला ते देणं क्रूर आहे, तिथे ठामपणे नाही म्हणा. वेळ सकाळची घ्या, म्हणजे पुढचं सगळं उजेडी आटपतं.

गुंगी चढायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. कधी उलटी होते, म्हणून आवडीचा घास द्या पण थोडाच. मग पुढच्या पायाचे केस काढून शिरेत सुई बसवतात. म्हाताऱ्या कुत्र्याची शीर चटकन सापडत नाही, दोनदा टोचावं लागलं तर घाबरू नका. भुलीच्या औषधाचा मोठा डोस गेला की मिनिट-दोन मिनिटांत श्वास आणि हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, लघवी होते, कातडी थरथरते, एखादा मोठा श्वासही येतो. तो परत आला असं वाटून घरातले हादरतात. पण ती फक्त स्नायूंची हालचाल असते. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून खात्री करतील.

काही तासांत अंग ताठरतं, म्हणून पाय लगेच दुमडून ठेवा. पुरायचं असेल तर विहीर-बोअरपासून लांब, निदान चार फूट खोल खड्डा घ्या. प्लास्टिक नको, सुती चादर पुरे. वर दगड रचा. औषध मांसात राहतं, उकरून खाणारं दुसरं जनावरही मरू शकतं.

मुलाला आदल्या दिवशीच सांगा. 'झोपवणार' म्हणू नका. नाहीतर त्याला स्वतःच्या झोपेची, दवाखान्याची धास्ती बसते. 'ब्रुनो बरा होणार नाही, त्याला खूप दुखतंय, डॉक्टर औषध देतील आणि तो मरेल,' असं सरळ सांगा. त्याला हवं तर गुंगी चढेपर्यंत जवळ बसू द्या. नको म्हणाला तर सक्ती नको, सासऱ्यांनाही नको.

आज रात्रीच गुण लिहा. बेरीज ३५ च्या खाली आली, तर उद्या डॉक्टरांची वेळ घ्या.