होडीचं इंजिन बांधायचं की बदलायचं?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : उजनीच्या बॅकवॉटरमध्ये मासेमारीसाठी गेल्या वर्षी कोकणातून जुनी फायबरची होडी घेतली. हिवाळ्यात पक्षी बघायला येणाऱ्यांनाही तिच्यातून फिरवतो. ४० एचपीचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन होडीसोबतच आलं. सकाळी दोन दोऱ्यांत सुरू होतं, पण पंधरा-वीस मिनिटं चाललं की ताकद सोडतं आणि बंद पडतं. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू. सोलापुरातल्या एका मिस्त्रींनी आवाज ऐकून ‘बोअर-पिस्टन करावं लागेल, ४५ हजार’ असं सांगितलं. तसंच दुसरं जुनं, चालू इंजिन १ लाख १० हजारांना मिळतंय. काय करावं?
— एक वाचक, करमाळा तालुका

उत्तर : आत्ता दोन्ही करू नका. आवाज ऐकून बोअर-पिस्टन, म्हणजे सिलिंडर आतून कापून नव्या मापाचे पिस्टन घालून इंजिन बांधणं, ठरत नाही. शिवाय तुम्ही सांगितलेलं लक्षण बोअर गेल्याचं वाटत नाही. पिस्टनच्या रिंगा झिजलेलं इंजिन त्रास देतं ते सकाळी, गार असताना. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, मग ते कसंबसं पेटतं. तुमचं इंजिन गार असताना चांगलं आहे आणि तापल्यावर मरतं. अशा वेळी आधी तीन ठिकाणी बघायचं : पाणी, पेट्रोल आणि ठिणगी.

ही तपासणी काठाजवळ करा, सोबत दुसरी होडी ठेवा. इंजिन मरायला लागलं की पहिली नजर मागच्या पाण्याच्या धारेकडे. धार बारीक झाली असेल, तुटत असेल किंवा वाफाळत असेल, तर इंजिन तापतंय. धार ठीक असेल तर लगेच पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबा. दाबल्यावर इंजिन पुन्हा उचल खात असेल तर त्याला पेट्रोल पुरत नाही. दोन्हीचा उपयोग झाला नाही, तर बंद पडल्याबरोबर, गरम असतानाच, ठिणगी बघा. स्पार्क टेस्टर वापरा. उघड्या पेट्रोलजवळ प्लग काढून ठिणगी पाडू नका. गार झाल्यावर ठिणगी बघण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा ती येणारच. फ्लायव्हीलखालच्या (वरच्या जड चाकाखालच्या), ठिणगीला वीज देणाऱ्या कॉइलची तार आतून तुटलेली असेल तर तापल्यावर फाकते आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते. अर्ध्या तासाने इंजिन चालू होण्याचं तेही एक कारण असू शकतं.

होडी कोकणातली आहे म्हणून पाण्यावर जरा थांबतो. खाऱ्या पाण्यात चाललेल्या इंजिनाच्या पाणीवाटांत मीठ आणि गंज बसलेला असतो. आधीच्या मालकाने रोज गोड्या पाण्याने इंजिन धुतलं नसेल तर हेडभोवतीच्या (सिलिंडरच्या झाकणाभोवतीच्या) वाटा अर्ध्या बुजलेल्या सापडतात. पहिलं काम पाय, म्हणजे इंजिनाचा पाण्यात राहणारा खालचा भाग, उतरवून पाण्याच्या पंपाचा इंपेलर बघायचं. त्या रबरी चाकाची पाती एका बाजूला कायमची वाकलेली, टणक किंवा चिरलेली असतील तर ते बदला. तसंही ते वर्षाला बदलायचंच असतं. एखाद्या पातीचा तुकडा गायब असेल तर नवा इंपेलर घालून मोकळं होऊ नका. तो तुकडा पाण्याबरोबर वर गेलेला असतो आणि थर्मोस्टॅटपाशी (गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणाऱ्या व्हॉल्व्हपाशी) अडकतो. त्याला शोधून काढलं नाही तर नवा इंपेलर असूनही इंजिन तापत राहील. थर्मोस्टॅट बाहेर काढलाच आहे तर गरम पाण्याच्या भांड्यात सोडा. हाताला चटका बसेल इतक्या पाण्यातही उघडत नसेल तर तो गेला. आणि हे इंजिन पाण्याबाहेर ‘दहा सेकंदच’ म्हणून कधीही चालवू नका. कोरडा इंपेलर बघता बघता जळतो.

पेट्रोलच्या बाजूला टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू आधी बघा. तो बंद राहिला की टाकीत पोकळी तयार होते आणि बरोबर पंधरा-वीस मिनिटांत इंजिन गुदमरतं. अशा वेळी फुगा चपटा होतो. फुगा चपटा असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. तो कितीही दाबला तरी कडक होत नसेल तर कुठेतरी हवा शिरतेय किंवा फुग्याचा व्हॉल्व्ह गेलाय. फुगा दाबत राहिल्यावरच इंजिन चालत असेल तर इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायाफ्राम (आतला पातळ पडदा) फाटलाय. यातलं कुठलंच काम हजारोंचं नाही.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबरी नळ्या त्याने आतून फुगतात, त्यांचे पापुद्रे सुटतात. त्याहून घातक गोष्ट वेगळी आहे. इथेनॉल पाणी धरतं आणि पाणी जास्त झालं की पाणी-इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी बसतो. टू-स्ट्रोकचं ऑइल त्या थरात जवळजवळ नसतं, आणि इंजिन तर तळातूनच ओढतं. पिस्टन बिनतेलाचा चालतो आणि पकडतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो. म्हणून दोन-तीन आठवडे उभं राहिलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून बघा, खाली वेगळा थर दिसला तर फेकून द्या. मिश्रण तुमच्या इंजिनाच्या पुस्तकाप्रमाणेच करा. पुस्तकात ५०:१ असेल तर १० लिटरला २०० मिली ऑइल.

एवढं झाल्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा. मिस्त्रींनी सगळ्यात आधी हे करायला हवं होतं. इंजिन कोमट करा, दोन्ही प्लग काढा आणि सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जळू नये म्हणून प्लगच्या वायरी ब्लॉकला टेकवून अर्थ करा. स्टॉप स्विचची दोरी काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा. गेज बसवून दोरी जोरात पाच-सहा वेळा ओढा, काटा चढायचा थांबेपर्यंत. नुसत्या आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक जास्त बोलका असतो. १२० आणि ११५ पीएसआय आले तर बोअर-पिस्टनचा विषय तिथेच संपला, ते ४५ हजार वाचले. १२० आणि ८५ आले तर इंजिन उघडावंच लागेल. उघडण्याआधी कमी आकडा आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे ५ मिली, ऑइल टाकून पुन्हा मोजा. काटा वर चढला तर रिंगा गेल्या. तिथेच राहिला तर हेड गास्केट बघा, नाहीतर पिस्टनलाच भोक असेल.

समजा उघडलं. हेड काढताना बोल्ट जोर लावून फिरवू नका. खारं पाणी खाल्लेले बोल्ट ॲल्युमिनियममध्येच मोडतात आणि मग नुसतं ते काढायचं काम वाढतं. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारून ठेवा आणि बोल्ट थोडा तापवून, पुढे-मागे करत सोडवा. पहिल्या दोन बोल्टमध्येच कळेल की मिठाने किती खाल्लंय. दोन्ही मोडले तर त्या ब्लॉकवर मोठा पैसा घालू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हेड निघालं की पिस्टनच्या डोक्यावरचा आकडा वाचा. २५ म्हणजे ०.२५ मिमी, ५० म्हणजे ०.५० मिमी ओव्हरसाइझ, मूळ मापापेक्षा तेवढा मोठा. बऱ्याच मॉडेलना ०.५० च्या पुढचा पिस्टन मिळत नाही. तिथे ५० दिसलं की आधीच एकदा बोअर झालेलं आहे. पुढे नवी स्लीव्ह (सिलिंडरच्या आतली नळी) किंवा नवा ब्लॉक, आणि ४५ हजारांचा हिशेब मोडला. मग कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकच्या फिरत्या दांड्याशी जोडणारा रॉड, धरून वर-खाली हलवा. वर-खाली खेळ जाणवला तर क्रँकचं बेअरिंग संपलंय.

इथपर्यंत सगळं बरं निघालं तर इंजिन बांधणं योग्य. एक धोका मात्र लेथवर आहे. सोलापुरात ट्रॅक्टर-बुलेटचे सिलिंडर बोअर करणारे उत्तम कारागीर आहेत, पण फोर-स्ट्रोकच्या सिलिंडरला आतल्या भिंतीत खिडक्या नसतात. टू-स्ट्रोकला असतात. बोअर झाल्यावर त्या पोर्टच्या कडा धारदार राहतात. त्या हलक्या हाताने गोल केल्या नाहीत तर रिंग कडेत अडकून मोडते आणि नवीन काम पहिल्या फेरीत वाया जातं. काम देतानाच हे सांगा आणि परत घेताना बोट फिरवून बघा. पिस्टन आधी आणा, मग त्याच्या मापाने बोअर करून घ्या, उलट नको.

४५ हजारांत काय काय धरलंय ते मिस्त्रींकडून लिहून घ्या. दोन्ही पिस्टन, रिंगा, पिन, पिनचे बेअरिंग, पूर्ण गास्केट संच, बोअरिंग हे असतंच. क्रँकच्या वरच्या-खालच्या सील, इंपेलर, थर्मोस्टॅट, पंपाचा डायाफ्राम हे बऱ्याचदा सुटतं. क्रँकसील गळत असेल तर आत हवा शिरते, मिश्रण कोरडं होतं आणि नवा पिस्टनही जळतो. पिस्टन कशाने गेला हे सापडलं नसेल तर इंजिन बांधूच नका. तेच कारण नव्या पिस्टनचाही घास घेईल.

तुमच्या आकड्यांत सांगायचं तर सगळं धरून खर्च ५५ हजारांच्या, म्हणजे चालू इंजिनाच्या निम्म्याच्या आत राहत असेल आणि ब्लॉक-क्रँक धड असतील तर बांधा. त्या पुढे गेला किंवा क्रँक खराब निघाली तर दुसरं घ्या, पण तेही गेजने मोजूनच. बघायला जाल तेव्हा मालकाला इंजिन आधी सुरू करू नका म्हणावं. गरम करून ठेवलेलं इंजिन आजार लपवतं. इंजिन पाण्यात, होडीला लावून, किमान अर्धा तास चालवून बघा.

बांधलेलं इंजिन पहिले १० तास दुप्पट ऑइलवर चालवा, १० लिटरला ४०० मिली. त्या काळात सलग फुल थ्रॉटल नको.

पैसा घालण्याआधी होडीची मागची पाटीही, जिच्यावर इंजिन बसतं ती, ठोकून बघा. इंजिन वर तिरकं करून पायाला धरून दाबा. पाटी लवत असेल किंवा बोल्टातून तपकिरी पाणी गळत असेल तर फायबरच्या आतलं प्लायवूड कुजलंय. सत्तर किलोच्या आसपासचं नवं इंजिन त्या पाटीवर लावू नये.

तुम्ही माणसं नेता, म्हणून हेही. २१ मे २०२४ रोजी उजनीतच कुगाव ते कळाशी जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. इंजिन बंद पडलेली होडी वाऱ्यात आडवी फिरते आणि लाट बाजूने घेते. हा दोष दूर होईपर्यंत एकही प्रवासी बसवू नका. त्यानंतरही प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट आणि होडीत वल्ही हवीतच.

प्रश्न : गिअरबॉक्सचं ऑइल दुधी निघालं. नुसतं बदलून चालेल का?
— एक वाचक, माढा तालुका

उत्तर : नाही. दुधी म्हणजे पाणी शिरलंय, आणि ते ज्या वाटेने आलं ती वाट उघडीच आहे. पंखा (प्रोपेलर) काढून शाफ्टवर बघा. उजनीत तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, हमखास सापडतो. तो पंख्यामागे गुंडाळत जातो आणि ऑइल सील कापतो. सील बदला. शाफ्टवर सील बसते तिथे नखाला लागेल अशी खाच असेल तर नवी सीलही टिकणार नाही. नवं गिअर ऑइल खालच्या भोकातून भरा, वरच्या भोकातून बुडबुडे न येता बाहेर येईपर्यंत. आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा. दोन्ही वायसर नवे. पाच-सहा तास चालवून रात्रभर उभं ठेवा आणि सकाळी खालचा स्क्रू किंचित सैल करा. पाणी असेल तर तेच आधी टिपकेल. स्क्रूच्या चुंबकावर काळी बारीक लापशी दिसली तर घाबरू नका, पण धातूचे कण टोचले तर गिअर उघडा.

प्रश्न : कोकणातून आणलेल्या इंजिनाला जस्ताचा अॅनोड आहे. तोच ठेवू?
— एक वाचक, टेंभुर्णी

उत्तर : अॅनोड म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा. गोड्या पाण्यात जस्तावर पांढरट थर धरतो आणि ते काम करायचं थांबवतं. उजनीसाठी मॅग्नेशियमचा अॅनोड लावा. त्याला रंग मारू नका आणि निम्मा झिजला की बदला. पुढे इंजिन कोकणात विकलंत तर मॅग्नेशियम काढूनच द्या, खाऱ्या पाण्यात ते फार झपाट्याने संपतं.