स्वतः व्हिडिओ न ठेवता अ‍ॅनिमेच्या (जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांच्या) फक्त लिंक दिल्या, तरी कॉपीराइटचा त्रास होऊ शकतो का?

होऊ शकतो, आणि साइटवर जाहिराती लावणार असाल तर अधिकच. तुम्ही विचारले आहे की साइटच्या तळाशी ‘येथे कोणताही व्हिडिओ साठवलेला नाही’ असे लिहिले की पुरे ना. नेमके हेच वाक्य २०१६ साली मी दुसऱ्या एका साइटवरून उचलून आमच्या साइटवर चिकटवले होते, म्हणून उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही.

पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी आणि माझा रूममेट मिळून अशी साइट चालवत होतो. लिंक आणि जाहिराती हे त्याचे काम, मराठी सबटायटल हे माझे. जपानी मला येत नव्हते. इंग्रजी सबटायटल समोर ठेवून मी रात्र रात्र मराठी ओळी लिहीत असे, आणि ‘सेन्पाई’ला (म्हणजे शाळा-कॉलेजातल्या सीनियरला) ‘दादा’ म्हणावे की ‘सेन्पाई’च ठेवावे यावर मेसमध्ये हात वाळेपर्यंत आमचा वाद चाले. (‘सेन्पाई’च ठेवावे, हे माझे मत आजही कायम आहे.) लोकांना त्या ओळी आवडू लागल्या, तेव्हा रूममेटने बारा भागांच्या चित्रावरच त्या कायमच्या उमटवल्या, ते भाग एका फुकट साठवण सेवेवर चढवले आणि तिथला प्लेअर आमच्या पानावर बसवला. म्हणजे तळाशी ‘आम्ही काही ठेवत नाही’ आणि वर आमच्याच खात्यातून चढवलेले बारा भाग. मला ते खटकले नाही, कारण माझे सारे लक्ष ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढण्यात होते.

मग होस्टिंग कंपनीने पुढे पाठवलेली नोटीस आली. तिच्यात एकेका पानाचा पत्ता सुटा दिला होता आणि ते बारा भाग सर्वांत वर होते. अनुवादाचा हक्कही मूळ मालकाचाच असतो, हे मला त्या दिवशी कळले. रूममेटचे म्हणणे असे की बारा भाग काढू, नवे डोमेन घेऊ आणि बाकीच्या लिंक राहू देऊ, कारण लिंक देणे म्हणजे नुसता पत्ता सांगणे. मी साइट बंद केली. कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो आजही ‘याने घाबरून चालता धंदा बुडवला’ असे लिहितो.

त्याला आणि तुम्हाला माझे उत्तर एकच आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लिंक पुरवताना होणाऱ्या तात्पुरत्या साठवणीला सूट आहे, परंतु मूळ प्रत बेकायदा असल्याचे ठाऊक असेल किंवा तसे मानायला वाजवी कारण असेल तर ती सूट उरत नाही. आणि सीझननुसार, भागानुसार याद्या लावणारा माणूस ‘मला ठाऊक नव्हते’ कोणत्या तोंडाने म्हणणार? आमची साइट चालू होती त्याच वर्षी युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितले की नफ्यासाठी लिंक देणाऱ्याला ती प्रत बेकायदा असल्याची जाणीव होती असेच गृहीत धरावे. जपानने तर १ ऑक्टोबर २०२० पासून अशा लिंकसंग्राहक साइट चालवणे हाच गुन्हा ठरवला असून त्याला ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख येनपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. आपल्याकडे कलम ६३ खाली ३ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. ‘नुसता पत्ता’ म्हणणाऱ्याने हे एकदा वाचावे.

मी वकील नाही, हे खरे तर आधीच सांगायला हवे होते. लिंक देणाऱ्या प्रत्येकाला पोलीस उचलून नेतात असेही नाही. बहुधा आधी नोटीसच येते, आणि धंद्याचा हेतू नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. म्यूज एशियासारख्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवरचे भाग तिथल्याच प्लेअरमधून दाखवायला माझी काहीच हरकत नाही.

राहिला माझ्या घाबरण्याचा प्रश्न. ते बारा भाग ज्या खात्यातून चढवले, ते खाते माझ्या ईमेलवर आणि माझ्या मोबाइल क्रमांकावर उघडलेले होते. रूममेटचे नाव साइटवर कुठेही नव्हते.