मुलांसह समुद्रकिनारी

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो. डिसेंबरमध्ये चार व सहा वर्षांच्या मुलींना घेऊन दिवेआगर किंवा हरिहरेश्वर येथे जाण्याचा विचार आहे. कोणते ठिकाण निवडावे?

उत्तर : दिवेआगर निवडावे, कारण तेथील वाळूचा किनारा लांबलचक व सपाट आहे, हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणामार्गावरील झिजलेले कातळ पाहण्याजोगे असले, तरी शेवाळलेल्या खडकांवर उसळणाऱ्या लाटांजवळ लहान मुलांना नेऊ नये. भरती-ओहोटीच्या वेळा रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतात आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, म्हणून शक्यतो अष्टमीच्या आसपासचे दिवस धरावेत. मुलींना घोट्याएवढ्या पाण्यातच खेळू द्यावे आणि मोठ्यांपैकी एकाने, मोबाइल खोलीवर ठेवून, हात पोहोचेल इतक्या अंतरावर उभे राहावे. (मोबाइलची ही अट मुलांपेक्षा पालकांनाच जड जाते!) ताम्हिणी घाटातील वळणांवर अनेक मुलांना मळमळते, तेव्हा निघताना पोटभर न्याहारीऐवजी हलके काही द्यावे. घरगुती खानावळीत जेवणाची वर्दी आधी द्यावी लागते. मुलींसाठी बिनतिखटाचा वरणभात सकाळीच सांगून ठेवावा.