नऊ वर्षांच्या मुलीसोबत पहिल्यांदाच कार्ड गेम शिकायचा आहे, नागपुरात राहतो. पोकेमॉन, मॅजिक की यू-गि-ओ?

पोकेमॉन घ्या. प्रत्येक पोकेमॉनच्या (म्हणजे लढणाऱ्या प्राण्याच्या) कार्डावर हल्ला छापलेला असतो, शेजारी त्याला किती एनर्जी लागते ते. एका पाळीत हातातून एकच एनर्जी कार्ड लावता येतं, त्यामुळे "आता काय करू?" हा घोळ होत नाही. समोरच्याचा पोकेमॉन बाद केला की सुरुवातीला बाजूला ठेवलेल्या आपल्या ६ प्राइझ (बक्षीस) कार्डांतलं एक उचलायचं. पोरांना यातच खरी मजा येते.

मॅजिक १९९३ चं, या प्रकारातलं आद्य. खेळ जबरदस्त आहे, पण दोन-तीन वर्षांनी. यू-गि-ओच्या कार्डांवरचा बारीक मजकूर वाचता वाचता माझाच चष्मा खाली येतो, मुलीचं काय!

सुटी पाकिटं घेऊ नका, ६० कार्डांचा तयार डेक (खेळायचा पूर्ण संच) घ्या, शक्यतो दोन. पाकिटांतून खेळण्याजोगा डेक जमेपर्यंत खिसा रिकामा होतो. मी सीताबर्डीच्या फुटपाथवरून सोनेरी चकचकीत कार्डं आणली होती, सगळी नकली निघाली. पोकेमॉनच्या इंग्रजी नावात 'ई'वर तिरकी रेघ असते. ती नसेल तर सरळ परत ठेवा.

आणि हो, मे महिन्यात कूलरसमोर डाव मांडू नका. दमट हवेनं चमकीची कार्डं पापडासारखी वळतात, साधी उडून पलंगाखाली जातात. कार्डांना स्लीव्ह (प्लास्टिकचं कव्हर) घालाच.