मोझांबिक बेट एका दिवसात पाहून होतं का?

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मोझांबिक देशातलं हे बेट जेमतेम तीन किलोमीटर लांब आणि अर्धा किलोमीटर रुंद आहे, त्यामुळे मुख्य भूमीवरच्या नांपुला शहरातून सकाळी निघून किल्ला आणि दगडी शहर बघून संध्याकाळी परत, हा तुमचा बेत जमण्यासारखा आहे. तरीही मी म्हणेन, किमान दोन रात्री बेटावरच राहा. नांपुला तिथून १८० किलोमीटरच्या आसपास आहे. धावपळीत जाऊन आलात तर अर्धंच बेट पाहून याल.

तुम्ही गोव्याचे आहात म्हणून आधी तेवढं सांगते. १७५२ पर्यंत मोझांबिकचा पोर्तुगीज कारभार गोव्यातून चालायचा. लिस्बनहून गोव्याला निघालेली जहाजं मोसमी वाऱ्याची वाट पाहत इथे थांबत. सेंट झेवियरही १५४२ साली गोव्यात पोचले ते याच बेटावर काही महिने काढून. जुन्या गव्हर्नर-वाड्यातल्या संग्रहालयात गोव्याकडून आलेलं कोरीव लाकडी सामान आहे, ते सावकाश बघा. इथून गुलाम म्हणून नेलेली माणसं ब्राझील-मॉरिशसला गेली, तशी गोव्यातही आली. त्यांच्या स्मरणार्थ केलेली एक बाग बेटावर आहे. ती चुकवू नका.

साओ सेबास्तियाव किल्ल्याला सकाळी लवकर जा, दुपारी दगड तापतो. बांधकाम १५५८ मध्ये सुरू झालं. १६०७ आणि १६०८ मध्ये डच दोनदा चालून आले, पण किल्ला त्यांना घेता आला नाही. बेटावर गोड्या पाण्याचा झरा नाही. किल्ल्याचं फरसबंद अंगण पावसाचं पाणी टाक्यात उतरवतं, आणि ही सोय मला तटबंदीपेक्षाही मोलाची वाटते. बेटाच्या टोकाला १५२२ चं छोटं चॅपल आहे.

आता दुसरं अर्धं बेट. उत्तरेकडचे वाडे, चर्च, कचेऱ्या ज्या प्रवाळी दगडाच्या आहेत, तो दगड बेटाच्याच दक्षिण भागातून खणून काढला. म्हणूनच दक्षिणेकडची माकुती नावाची वस्ती रस्त्यापेक्षा खाली, खड्ड्यात बसल्यासारखी आहे. पावसाचं पाणी तिथे साचतं. घरं माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली, काहींवर आता पत्रा. बेटावरचे बहुतेक लोक इथेच राहतात. १८९८ मध्ये बेटावरची राजधानी देशाच्या दक्षिणेला लोरेन्सो मार्केसला, म्हणजे आजच्या मापुतोला गेली आणि दगडी शहर ओस पडत गेलं. माकुती मात्र गजबजलेलीच आहे. युनेस्कोने १९९१ मध्ये जागतिक वारसा म्हणून अख्खं बेट नोंदवलं, नुसते वाडे नव्हेत. माकुतीत स्थानिक वाटाड्या घेऊनच फिरा, त्याला नीट पैसे द्या. बायका चेहऱ्याला मुसिरो नावाच्या झाडापासून केलेला पांढरा लेप लावतात. फोटो काढायचा तर आधी विचारा. घरं लागून लागून आहेत, कुणाच्या अंगणात शिरतोय याचं भान ठेवा.

खायला ताजी मासळी मिळेल. रस्त्यावर समोसे आणि भजीही दिसतील, दीवच्या व्यापाऱ्यांचा इथे पिढ्यान्‌पिढ्या राबता होता.

मुख्य भूमीवरून येणारा पूल तीन किलोमीटरहून लांब आणि एका वेळी एकच वाहन जाईल इतका अरुंद आहे, त्यामुळे वाहनं मध्ये थांबून एकमेकांना वाट देतात. जून ते सप्टेंबर हवा कोरडी आणि सुसह्य असते. जानेवारी ते मार्च वादळांचा काळ. मार्च २०२२ मध्ये गोंबे चक्रीवादळाने याच किनाऱ्याला झोडपलं. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. उत्तरेकडच्या काबो देल्गादो प्रांतात २०१७ पासून सशस्त्र हिंसाचार चालू आहे आणि त्याची झळ नांपुला प्रांतालाही लागली आहे, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी दूतावासाच्या ताज्या सूचना बघा.